शिकवणाऱ्याची तालीम

१९२० साल आपल्याकडे आठवलं जातं ते ॲंटवर्पच्या ऑलिंपिकमुळे. दोराबजी टाटांच्या पुढाकाराने त्या वर्षी सहा जणांचा भारतीय संघ बेल्जियमला गेला, आणि त्याचं मूळ पुण्यात होतं. आदल्या वर्षी डेक्कन जिमखान्याच्या क्रीडामेळाव्यात दोराबजींनी खेड्यापाड्यांतून आलेली पोरं अनवाणी, लांब पल्ल्याच्या शर्यतीत धावताना पाहिली होती. त्यांच्या वेळा पाहून या पोरांना युरोपात न्यायचंच, असं त्यांच्या मनाने घेतलं. बेळगावचे फडेप्पा चौगुले त्या संघात होते. मॅरेथॉनमध्ये त्यांचा नंबर एकोणिसावा लागला. कुस्तीत रणधीर शिंदे चौथे आले, पदक अगदी हाताशी येऊन निसटलं.

त्याच वर्षी मद्रासमध्ये एक गोष्ट घडली. तिची आठवण आपण फारशी ठेवली नाही. हॅरी क्रो बक नावाचा अमेरिकन शिक्षक वायएमसीएच्या कामासाठी १९१९ मध्ये मद्रासला आला होता. ज्या स्प्रिंगफील्डच्या प्रशिक्षण महाविद्यालयात १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ यांनी बास्केटबॉलचा खेळ घडवला, तिथलाच तो विद्यार्थी. त्याने मद्रासला आल्यावर खेळाडूंचा संघ बांधायला घेतला नाही. खेळ आणि व्यायाम शिकवणाऱ्यांना शिकवणारी शाळा त्याने काढली. मूठभर विद्यार्थ्यांनिशी सुरू झालेली ती शाळा म्हणजे आजचं नंदनममधलं वायएमसीए शारीरिक शिक्षण महाविद्यालय. या विषयातलं आशियातलं सर्वांत जुनं महाविद्यालय म्हणून ते ओळखलं जातं. अण्णा सालैवरून जाताना त्याची झाडी आणि मैदानं दिसतात. अलीकडे चेन्नईचा जानेवारीतला पुस्तकमेळा तिथेच भरतो, त्यामुळे खेळाशी देणंघेणं नसलेली माणसंही तिथली माती तुडवून येतात. पुढे १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला भारताचा संघ गेला तेव्हा व्यवस्थापक म्हणून बकच बरोबर होता.

पुण्यात धावणारे होते, त्यांना ओळखणारी नजरही होती. त्यांना आठवड्याला किती धावू द्यायचं, कधी थांबवायचं, जहाजाच्या लांबलचक प्रवासात त्यांचं अंग कसं राखायचं, हे सांगणारं मात्र कोणी नव्हतं. मद्रासने नेमक्या या जागी हात घातला. शंभर वर्षं उलटल्यावरही मला या विषयाचा गाभा तिथेच दिसतो. स्वतःच्या अंगातली कला दुसऱ्याच्या अंगात उतरवणं ही स्वतंत्र विद्या आहे. उत्तम खेळणाऱ्याला ती आपोआप येत नाही. ती शिकावी लागते, आणि शिकण्यासारखं तिच्यात खूप आहे.

महाराष्ट्र या बाबतीत कोरा होता असं अजिबात नाही. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं केलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या चमूने तिकडच्या प्रेक्षकांना कबड्डी दाखवली. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी १९२४ मध्ये महाराष्ट्रीय मंडळ काढलं. त्याच संस्थेचं चंद्रशेखर आगाशे महाविद्यालय १९७७ पासून शारीरिक शिक्षक घडवतं आहे. मुंबई सरकारने १९३८ मध्ये कांदिवलीला प्रशिक्षण संस्था सुरू केली.

पण यांत मला सर्वांत जवळचं वाटतं ते लोणावळ्याचं काम. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, हे बडोद्याच्या माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेले गृहस्थ. आसनांनी आणि प्राणायामाने शरीरात नेमकं काय होतं, असा प्रश्न त्यांना पडला आणि त्याचं उत्तर ग्रंथात न शोधता त्यांनी ते उपकरणांकडे मागितलं. क्ष-किरण, रक्तदाबमापक, दाब मोजण्याच्या नळ्या असा सगळा सरंजाम त्यांनी जमवला. १९२४ मध्ये त्यांनी कैवल्यधाम स्थापन केलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू करून आपले प्रयोग छापायला घेतले. श्रद्धा असलेल्या गोष्टीचीही मोजून खात्री करून घ्यावी, ही शिस्त मराठी माणसाने शंभर वर्षांपूर्वी पाळून दाखवली आहे. क्रीडाविज्ञान हे परदेशी खूळ आहे असं म्हणणाऱ्या मंडळींना मी नेहमी लोणावळ्याची वाट दाखवतो.

आता हा विषय प्रत्यक्षात कशाचा आहे, ते पाहू. त्यासाठी ऑलिंपिकपर्यंत जायला नको. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी पहाटे पाचला रस्त्यावर या. पोलीस भरतीची पोरं-पोरी धावत असतात. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. मैदानी चाचणीचे गुण पन्नास, आणि एकेका गुणावर घराचं भवितव्य टांगलेलं. जाहिरात निघाल्याची बातमी आली की ज्याने सहा महिने पळापळ केलेली नाही तोही दुसऱ्या दिवसापासून डांबरी रस्त्यावर जीव काढून धावू लागतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नडगी दुखायला लागते. ‘दुखतंय तर अजून पळ, मोकळं होईल,’ असं सांगणारा कोणीतरी शेजारी असतोच. पोरगा ऐकतो. आणखी पंधरा दिवसांत जमिनीवर पाय टेकवेनासा होतो, आणि ग्राउंडच्या तारखेला तो घरी बसलेला असतो.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच का? याचं उत्तर हाडाच्या घडणीत आहे. व्यायाम वाढला की स्नायू आणि हृदय त्या मानाने लवकर जुळवून घेतात. दम टिकू लागतो, पोराला हुरूप येतो, तो आणखी धावतो. हाडाची चाल वेगळी असते. नव्या ओझ्याला तोंड देताना हाड आधी आपला जुना भाग खरवडून काढतं आणि मग तिथे नवा भरतं. खरवडणं काही आठवड्यांत होतं, भरायला महिने लागतात. मधल्या काळात हाड नेहमीपेक्षा कमकुवत असतं. म्हणजे छाती ‘अजून पळ’ म्हणत असते तेव्हाच नडगीला सबुरी हवी असते. हे ज्याला ठाऊक आहे तो प्रशिक्षक पहिल्या महिन्यात मुलाचा उत्साह आवरून धरतो, मऊ मातीवर धाववतो, एक दिवसाआड विसावा देतो. ज्याला ठाऊक नाही तो शिट्टी वाजवतो.

सराव किती झाला हे मोजायला मोठी यंत्रं लागतात असंही नाही. कार्ल फॉस्टर या अमेरिकन अभ्यासकाने रूढ केलेली एक रीत कोणत्याही गावात, वहीपेनाने चालते. सराव संपल्यावर साधारण अर्ध्या तासाने खेळाडूला विचारायचं: आजचं ग्राउंड शून्य ते दहामध्ये किती जड गेलं? त्याने सात म्हटलं आणि सराव साठ मिनिटांचा होता, तर त्या दिवसाचा भार सात गुणिले साठ, म्हणजे चारशेवीस. रोजचा आकडा वहीत, आठवड्याची बेरीज खाली. गेल्या आठवड्यात दोन हजार आणि या आठवड्यात एकदम साडेतीन हजार झाले, तर तोंडावर हसू असलं तरी पोरगं धोक्यात आहे. शिवाय तोच सराव एकाला पाच वाटतो आणि दुसऱ्याला नऊ. नऊ म्हणणारा आळशी असेल, किंवा रात्री झोपला नसेल, किंवा आजारी पडायच्या बेतात असेल. तो आकडा म्हणजे चौकशीची सुरुवात. जुना वस्ताद पठ्ठ्याचं जेवण, झोप आणि डोळे पाहून जे ताडत असे, तेच इथे वहीत उतरतं. वस्तादाचा अंदाज त्याच्याबरोबर गेला, वही पुढच्या माणसाच्या हाती देता येते.

नजर आणि मोजमाप यांचं नातं समजून घ्यायचं तर पुन्हा चेन्नईला जावं लागेल, या वेळी पोरूरला. श्री रामचंद्र संस्थेच्या क्रीडाविज्ञान केंद्रातल्या प्रयोगशाळेला २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने गोलंदाजीची शैली तपासण्यासाठी मान्यता दिली. गोलंदाजाच्या खांद्यावर, कोपरावर, मनगटावर प्रकाश परतवणारे छोटे गोळे चिकटवतात. भोवतीचे कॅमेरे एका सेकंदात शेकडो वेळा त्यांची जागा टिपतात. हात खांद्याच्या पातळीला आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत कोपर किती सरळ झालं, हे अंशांत निघतं. पंधरा अंशांपर्यंत चालतं, त्यापुढे नाही.

हा पंधराचा आकडा कुठून आला, तो इतिहास मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो. १९९५ मध्ये मेलबर्नला पंच डॅरेल हेअर यांनी मुरलीधरनचे चेंडू फेकी ठरवून नोबॉल दिले. पुढे नियमाने वेगवान गोलंदाजाला दहा अंश, मध्यमगती गोलंदाजाला साडेसात आणि फिरकीला पाच अशी सूट ठरली. मग खूप गोलंदाजांची मोजणी झाली आणि ज्यांच्या शैलीवर कोणी कधी बोट ठेवलं नव्हतं अशांचंही कोपर थोडंफार सरळ होतं, असं आढळलं. साध्या डोळ्याला ते दिसतच नव्हतं. म्हणून २००५ पासून सगळ्यांना एकच मर्यादा आली. पंचांचा हेतू वाईट नव्हता. डोळ्याची ताकद कुठे संपते, याची त्या काळी कुणाला कल्पना नव्हती. जीवयांत्रिकी या रुक्ष नावाच्या विषयात विद्यार्थी शिकतो ते हेच: आपला डोळा कुठपर्यंत भरवशाचा आणि कुठून पुढे मोजायलाच हवं.

याची दुसरी बाजूही याच शहरात आहे, आणि ती सांगितल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. एमआरएफ पेस फाउंडेशन १९८७ मध्ये डेनिस लिली यांच्या मार्गदर्शनाखाली चेन्नईत सुरू झालं. वेगवान गोलंदाज व्हायचं म्हणून मुंबईहून चौदा वर्षांचा सचिन तेंडुलकर तिथे गेला. लिलींनी त्याला फलंदाजीकडे लक्ष द्यायला सांगितलं. हा निर्णय काही कॅमेऱ्याने दिला नव्हता. पुढे नगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरच्या झहीर खानला टी. ए. शेखर यांनी हेरलं आणि याच संस्थेत आणलं. २०११ चा विश्वचषक भारताने जिंकला तेव्हा झहीरच्या नावावर एकवीस बळी होते, स्पर्धेत कुणाहूनही कमी नाहीत. त्या संघाची शारीरिक तयारी करून घेणारे रामजी श्रीनिवासन हेही चेन्नईचेच. हेरणारा, शिकवणारा आणि अंग घडवून टिकवणारा अशी तीन वेगवेगळी माणसं एका खेळाडूमागे उभी राहतात, आणि या तिन्ही कामांचं शिक्षण आज वेगवेगळं मिळतं. मला वाटतं, नुसत्या यंत्रावर विसंबणारा प्रशिक्षक आणि नुसत्या अनुभवावर विसंबणारा प्रशिक्षक, दोघेही मुलाचं सारखंच नुकसान करू शकतात.

चेन्नईत शिकायला जाणाऱ्या मराठी मुलामुलींना पहिला धडा वर्गात मिळत नाही, तो तिथली हवा देते. अमरावतीच्या मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकला तरी हवा कोरडी असते. घाम येतो आणि वाळून जातो. वाळताना तो अंगातली उष्णता घेऊन जातो. एक लिटर घाम पुरता वाळला तर सुमारे पाचशेऐंशी किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. चेन्नईत पारा पस्तीसच असेल, पण समुद्राच्या ओलाव्याने हवा भरलेली असते. घाम वाळत नाही, ठिबकतो. आणि ठिबकलेला घाम शरीराला गार करत नाही. त्याने फक्त पाणी आणि मीठ जातं. विदर्भातल्या मुलाला धोका वेगळ्याच कारणाने असतो: घाम दिसतच नाही, म्हणून किती पाणी गेलं ते कळत नाही. म्हणून नुसत्या तापमानाचा आकडा पाहून सराव ठरवणं चुकीचं. ओल्या फडक्याच्या तापमापीचा आकडा, ऊन आणि वारा हे सगळं धरावं लागतं. नव्या हवेत अंग रुळायला दहा ते चौदा दिवस लागतात, तेवढे दिवस हात राखून सराव द्यावा लागतो. वजनकाट्यावर सरावाआधी आणि नंतर उभं राहिलं की किती पाणी गेलं ते कळतं. आणि तासन्‌तास नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होऊन जिवावर बेतू शकतं, हेही तिथे शिकवतात. आपल्याकडे अजून ‘व्यायाम करताना पाणी पिऊ नये’ असं ठासून सांगणारे भेटतात. दोन्ही टोकांच्या चुकांना उत्तर एकच आहे, शरीरक्रियाशास्त्राचा अभ्यास.

मुलींविषयी थोडं जास्त बोलायला हवं, कारण या क्षेत्राने त्यांची सर्वांत जास्त हेळसांड केली. माण तालुक्यातली ललिता बाबर खो-खो खेळत मोठी झाली आणि २०१६ मध्ये रिओला तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावून दहावी आली. तिच्या गावासारख्या शेकडो गावांत मुली अनवाणी, उत्तम धावतात आणि चौदा-पंधराव्या वर्षी अचानक मागे पडतात. मैदानावर सर म्हणतात, ‘हिचं लक्ष उडालं.’ महाराष्ट्रात पंधरा ते एकोणपन्नास वयातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानेच दाखवलं आहे. रक्तात लोह नसेल तर स्नायूंना प्राणवायू पोचत नाही, मग लक्ष कितीही असो. मासिक पाळी सुरू झालेली, सरावाच्या मानाने खाणं अपुरं, त्यात घरचं काम, अशा मुलीची पाळी बंद झाली तर अनेक प्रशिक्षकांच्या ते कानावरही येत नाही, कारण विचारायची सोय नसते. पाळी अशी महिनोन्‌महिने बंद राहिली की हाडं ठिसूळ होऊ लागतात, आणि त्याची किंमत तिला पुढे आयुष्यभर मोजावी लागते. या विषयात मुलींनी मोठ्या संख्येने यावं असं मला मनापासून वाटतं, ते याच कारणाने. मैदानावर बाई असली तर हा प्रश्न विचारला जातो.

जानेवारी २०२४ मध्ये खेलो इंडिया युवा स्पर्धा तमिळनाडूत झाल्या. चेन्नईसह चार शहरांत झालेल्या त्या स्पर्धांत महाराष्ट्राने सत्तावन्न सुवर्णपदकं मिळवून पहिला क्रमांक घेतला. यजमान तमिळनाडू अडतीस सुवर्णपदकांसह दुसरा आला. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट. पण पदकतालिकेत शिकवणाऱ्यांचा रकाना नसतो. तमिळनाडूने शारीरिक शिक्षण आणि क्रीडा यांसाठी वेगळा कायदा करून २००५ मध्ये स्वतंत्र विद्यापीठच उभं केलं. चेन्नईजवळ मेलक्कोट्टैयूरला ते आहे आणि राज्यातली या विषयाची महाविद्यालयं त्याला जोडलेली आहेत, नंदनमचं जुनं महाविद्यालयसुद्धा. आपल्याकडे खेळाडूंची वाण नाही. शिकलेल्या प्रशिक्षकांची आहे, आणि ती भरून काढायची इच्छा आपल्या शाळांना नाही. वेळापत्रकातला पीटीचा तास परीक्षा जवळ आली की गणिताला जातो, आणि पीटीच्या सरांकडे निवडणुकीची, जनगणनेची, गणवेशवाटपाची कामं येतात. हे बदललं पाहिजे असं मी लिहितो तेव्हा ते उपचार म्हणून लिहीत नाही. हे न बदलल्यामुळे कितीतरी मुलांचं धावणं अकाली थांबलं आहे.

अभ्यासक्रमांच्या बाबतीत पालकांचा फार गोंधळ होतो, तेवढा इथे दूर करतो. बीपीएड ही शारीरिक शिक्षकाची पदवी. पदवीनंतर दोन वर्षं, आणि शाळेत नोकरीसाठी ती लागते. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची प्रशिक्षणाची पदविका एका विशिष्ट खेळाचा प्रशिक्षक होण्यासाठी असते. क्रीडाविज्ञानाची बीएस्सी शरीररचना, शरीरक्रिया, जीवयांत्रिकी, आहार, मानसशास्त्र आणि शक्तिवर्धन शिकवते. तिथून माणूस संघांच्या तयारीकडे, प्रयोगशाळेकडे किंवा संशोधनाकडे जातो. फिजिओथेरपी हे चौथंच क्षेत्र, दुखापतीच्या उपचारांचं, आणि त्याची पदवी घेतल्याशिवाय कोणी ते काम करू नये. या चारही वाटा एकमेकींना लागून जातात, पण एकीची पदवी दुसरीला चालत नाही. आणि शनिवार-रविवारी मिळणाऱ्या जिमच्या प्रमाणपत्राला यांतल्या कशाचीच सर नाही. तसलं प्रमाणपत्र भिंतीवर लावून कोवळ्या पोरांच्या हाती पावडरीचे डबे आणि सुया देणारे लोक शहरात आणि आता तालुक्यातही आहेत. बंदी असलेल्या द्रव्यांची जागतिक यादी दर १ जानेवारीला नव्याने लागू होते. ती वाचता न येणाऱ्याने खेळाडूला गोळीसुद्धा देऊ नये.

पैशाविषयी खरं सांगायचं तर सुरुवातीची वर्षं तंगीची जातात. कंत्राटी नेमणुका पुष्कळ, कायमच्या जागा थोड्या. ज्याला फक्त आवडत्या खेळाच्या जवळ राहायचं आहे, त्याने दुसरं काहीतरी करून संध्याकाळी खेळावं. ही वाट त्याच्यासाठी नाही. दुसऱ्याचं अंग दोन महिन्यांत, दोन वर्षांत कसं बदलतं हे पाहण्यात ज्याला गोडी वाटते, आणि त्यासाठी रोज वही लिहायला जो कंटाळत नाही, त्याच्यासाठी ती आहे.

प्रवेश घ्यायला चेन्नईला जा, पुण्याला जा नाहीतर अमरावतीला, तिथे पोचल्यावर माहितीपुस्तक बाजूला ठेवून चार गोष्टी विचारा. शरीररचना कशावर शिकवता, पुस्तकातल्या चित्रांवर की प्रत्यक्ष? प्रयोगशाळेतल्या यंत्राला विद्यार्थ्याचा हात लागतो की फक्त पाहुण्यांना दाखवतात? अभ्यासक्रमाच्या काळात विद्यार्थी खऱ्या संघाबरोबर किती महिने असतो, आणि त्याच्यावर नजर कोण ठेवतं? गेल्या वर्षी पदवी घेऊन बाहेर पडलेले आज कुठे आहेत, आणि त्यांच्यापैकी दोघांशी मला बोलता येईल का? बोलायला मिळालं तर त्यांना भारनोंदीची वही दाखवायला सांगा.